शीत आणि डाग
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



वार्षिक संमेलनात निवृत्त शिक्षकास बोलावयास उभे केले, म्हणजे तो विद्येचे महत्त्व सांगणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती समजूत रास्तच आहे. परंतु आज आम्ही शाळेविषयी थोडे आणि बाजाराविषयी अधिक बोलणार आहो. आपल्या ज्ञातीतील काही कुटुंबे दुकाने चालवितात, काही आपल्या हातांनी वस्तू घडवितात, काहींच्या बागा आहेत, आणि उरलेले आपण सारे सकाळी पिशवी घेऊन खरेदीस निघणारे आहो. विकणारा आणि घेणारा असे दोन्ही पक्ष या एकाच मंडपात बसलेले असल्यामुळे उभयतांच्या हिताचा असा विषय आम्ही निवडला आहे. वस्तूवर दिसणारा लहानसा डाग, पोचा, वाकडेपणा किंवा रंगाचा फिकेपणा यांवरून आपण तिच्या अंगच्या गुणाविषयी जे मत बनवितो, ते कितपत खरे असते, आणि ते चुकले तर त्याची किंमत कोणास मोजावी लागते, हा तो विषय होय.

आपल्या भाषेत ‘गालबोट’ असा एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. लहान मुलास न्हाऊमाखू घालून नवे अंगडे चढविले, की आई त्याच्या गालावर काजळाचे एक बोट लावते. मूल फार गोजिरे दिसते आहे, त्यास कोणाची दृष्ट लागू नये, हा त्यातील हेतू. म्हणजे येथे डाग ही सौंदर्याची पावती झाली. परंतु तोच शब्द आपण अगदी उलट अर्थानेही योजतो. विवाहसोहळा यथासांग पार पडला, मानपानावरून कोणी रुसले नाही, पंगती वेळेवर बसल्या व उठल्या, आणि शेवटच्या पंगतीस जिलबी तेवढी पुरली नाही; तर मंडळी घरी जाताना म्हणतात, ‘सारे उत्तम झाले हो, पण गालबोट लागले.’ पुढे पाच वर्षांनी त्या लग्नाचा विषय निघाला, तर वाढलेल्या चांगल्या पदार्थांची आठवण कोणास होत नाही. न पुरलेल्या जिलबीची मात्र सर्वांस होते. स्वच्छ धुतलेल्या धोतरावर शाईचा एक थेंब पडला, तर पाहणाऱ्याचे लक्ष धोतराकडे जात नाही, थेंबाकडे जाते. मनुष्याची दृष्टी सारखेपणावरून घसरते आणि वेगळेपणावर अडकते, हा तिचा स्वभावच आहे.

दृष्टी अडकली एवढ्यावर भागले असते, तर या विषयावर व्याख्यान देण्याचे प्रयोजन नव्हते. अडकलेल्या दृष्टीमागून बुद्धीही धावते, आणि डोळ्यांनी जे पाहिले नाही त्याविषयी निकाल देऊन टाकते, ही खरी अडचण आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. सैन्यातील वरिष्ठांनी आपल्या हाताखालील माणसांस शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा निरनिराळ्या सदरांखाली गुण दिले होते. अंगाने धिप्पाड असलेला मनुष्य बुद्धीने बेताचा असू शकतो, आणि किरकोळ शरीराचा मनुष्य धैर्याने मोठा असू शकतो. तेव्हा ही सदरे बरीचशी परस्परांपासून स्वतंत्र असावयास हवी होती. परंतु एका सदरात वर चढलेला मनुष्य बहुधा सर्व सदरांत वर, आणि एकात घसरलेला सर्वांत खाली, असे आढळून आले. परीक्षकाच्या मनावर जो एकंदर ठसा उमटला, तोच प्रत्येक सदरात उतरला होता. देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते, तिच्या तेजात मूर्तीचे सर्वच अवयव उजळलेले दिसतात. म्हणून थॉर्नडाइकने या दोषास प्रभावळीचीच उपमा दिली.

आम्हा शिक्षकांस हा प्रकार परका नाही. एकच निबंध एकदा सुवाच्य अक्षरात व एकदा गिचमिड अक्षरात लिहून निरनिराळ्या परीक्षकांपुढे ठेवला, तर सुवाच्य प्रतीस अधिक गुण मिळतात, हे अशा प्रयोगांत वारंवार दिसून आले आहे. विचार तेच, वाक्ये तीच, शुद्धलेखनही तेच; केवळ अक्षराच्या वळणाने गुणांत फरक पडतो. उत्तरपत्रिकेच्या बाबतीत जे घडते, तेच आंब्याच्या, कापडाच्या व भांड्याच्या बाबतीत घडते.

याकरिता घेणाऱ्यास सर्वस्वी दोष देणेही न्यायाचे होणार नाही. त्याची अडचण खरोखरीची आहे. वस्तूचे अंतरंग विकणाऱ्यास ठाऊक असते, घेणाऱ्यास नसते. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारगाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन ही गोष्ट मांडली. कोणती गाडी चांगली आणि कोणती आतून खिळखिळी झाली आहे, हे गिऱ्हाइकास ओळखता येत नाही. म्हणून तो सगळ्याच गाड्यांस मध्यम किंमत देऊ करतो. त्या किमतीस चांगल्या गाडीचा मालक गाडी विकण्यास तयार होत नाही. अशा रीतीने चांगला माल बाजारातून उठतो आणि वाईट माल मागे राहतो. या विचाराबद्दल अकरलॉफ यांस २००१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक अन्य दोघांसमवेत मिळाले. सारांश, घेणारा अंधारात चाचपडत असतो, आणि अंधारात चाचपडणाऱ्याच्या हातास जे लागेल त्याचाच तो आधार घेतो. वरचा डाग हा तसा हातास लागणारा आधार होय.

आता हा आधार केव्हा भक्कम असतो आणि केव्हा पोकळ, हे ओळखावे कसे? आपल्या आजीपणजींनी त्याची रीत एका म्हणीत सांगून ठेविली आहे. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही ती म्हण. भात शिजला की नाही हे पाहण्यास सारे पातेले उपसावे लागत नाही. एक शीत बोटांत दाबले की पुरते. पण ही परीक्षा खरी का ठरते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. ते शीत त्याच पातेल्यातील असते, त्याच पाण्यात व त्याच आचेवर शिजलेले असते, म्हणून ते सर्व भाताच्या वतीने साक्ष देऊ शकते. पातेल्याच्या बाहेरील बाजूस लागलेली काजळी पाहून भात करपला असे कोणी म्हणू लागेल, तर कोणतीही गृहिणी त्यास हसेल. काजळी चुलीची आहे, भाताची नव्हे.

आमचे सारे सांगणे या एका म्हणीत सामावलेले आहे. वस्तूवर डाग दिसला की आपण मनास विचारावे: हे शीत आहे, की नुसती काजळी? ज्या कारणाने हा डाग पडला, ते कारण वस्तूच्या अंतरंगापर्यंत पोचले आहे काय? पोचले असेल तर डाग लहान असला तरी तो खरा साक्षीदार आहे. पोचले नसेल तर डाग मोठा असला तरी त्याची साक्ष ग्राह्य धरू नये.

उदाहरणार्थ आपला हापूस आंबाच घेऊ. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि शेजारील जिल्ह्यांतील या आंब्यास २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि पेटी उघडताच साल न्याहाळणे हा आपल्या घरोघरचा वैशाखातील कार्यक्रम आहे. या सालीवर निरनिराळ्या जातींचे डाग असतात. आंबा काढताना देठ मुळाशी तुटला, तर आतील चीक उडून सालीवर ओघळतो आणि जेथे तो लागतो तेथे साल काळी पडते. असे होऊ नये म्हणून फळ थोड्या देठासकट काढावयाचे असते, आणि त्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘नूतन झेला’ नावाचे साधन तयार केले. पण चिकाचा हा डाग सालीपुरताच असतो. गरास त्याची वार्ताही नसते. ही झाली काजळी. दुसरा डाग करप्याचा. ही बुरशी प्रथम सालीवर बारीक काळे ठिपके दाखविते. फळ पिकू लागले की ठिपके पसरतात आणि खालील गरही नासवू लागतात. हे अर्धे शीत होय. असा आंबा आधी खावा, साठवू नये. तिसरी खूण फळमाशीची. मादी सालीस सुईच्या अग्राएवढे छिद्र पाडून आत अंडी घालते. वरून पाहता त्या छिद्राइतका क्षुल्लक डाग दुसरा नाही. परंतु आत अळ्या झालेल्या असतात.

या तिसऱ्या डागाची किंमत केवढी, हे कोकणच्या बागाईतदारांस चांगले ठाऊक आहे. फळमाशी आढळल्याच्या कारणावरून युरोपीय संघाने २०१४ च्या मे महिन्यापासून भारतीय आंब्याची आयात बंद केली होती. ती बंदी २०१५ साली उठली. दहा चिकाच्या डागांनी जे नुकसान होत नाही, ते एका बारीक छिद्राने केले.

आणि चौथा दोष तर असा, की ज्याचा वर डागच नसतो. त्यास आपण ‘साका’ म्हणतो. फळ आकाराने सुबक, रंगाने केशरी, वासाने घमघमीत. आणि कापले की आत पांढरट पिवळा, स्पंजासारखा, आंबूस गर. सालीवरून याचा पत्ता लागत नाही. आता पाहा, बाजारात चिकाचा डाग पडलेला गोड आंबा ‘डागी’ म्हणून बाजूच्या ढिगात जाऊन अर्ध्या भावाने विकला जातो, आणि साका झालेला निष्कलंक आंबा वरच्या थरात विराजमान होतो. आपली दृष्टी ज्या गोष्टीस दंड करते ती निरपराध असते, आणि जिला मान देते ती कधी कधी अपराधी असते.

हीच गोष्ट तांब्यापितळेच्या भांड्यांची. पुण्यातील तांबट आळीत हातोडीने मठारलेली भांडी घडविण्याची परंपरा आहे. मठारलेल्या हंड्याच्या अंगावर ठोक्यांच्या खुणा ओळीने उमटलेल्या असतात. यंत्रावर दाबून काढलेल्या गुळगुळीत भांड्यांची सवय झालेल्या तरुण मंडळींस त्या खुणा पोच्यांसारख्या वाटतात. वस्तुतः ठोके खाऊन पत्रा अधिक कठीण होतो, आणि त्या खळग्यांवरून उजेड परावर्तित होऊन भांड्यास झळाळी येते. तेव्हा ज्यास आपण दोष समजतो, तो त्या भांड्याचा गुण आहे. उलट पक्षी, पितळी पातेले बाहेरून चिंच लावून कितीही लखलखीत घासले, आणि आतील कल्हई जागोजाग उडालेली असली, तर त्यात आंबट आमटी कळकते व ती पोटास अपाय करते. दुकानात मात्र आपण पातेले हातात घेतले की आधी बाहेरून फिरवून पाहतो. आत डोकावणारा विरळा.

कापडाविषयीही थोडे सांगतो. हातमागावर विणलेल्या वस्त्रात कोठे एखादा धागा किंचित जाड, कोठे किनार केसभर पुढेमागे, हे चालावयाचेच. कारण ते मनुष्याच्या हाताने विणलेले असते. यंत्रमागाच्या वस्त्रात असा फरक क्वचित दिसतो. म्हणून पुष्कळ वेळा अस्सल लुगडे ‘सदोष’ म्हणून परत जाते आणि नकली लुगडे ‘निर्दोष’ म्हणून घरी येते. पैठणीची पारख करणारे जाणकार सुलट्या बाजूवर वेळ घालवीत नाहीत. ते पदर उलटा करतात. हातमागावरील अस्सल पैठणीचा पदर पाठीकडूनही पोटाइतकाच नेटका असतो, आणि नकलेच्या पाठीवर सुटे धागे लोंबत असतात. हातमागाची वस्तू ओळखता यावी म्हणून केंद्र सरकारने २००६ साली हातमागाची स्वतंत्र खूण सुरू केली, तिचाही उपयोग करून घ्यावा.

याचा अर्थ वरचा डाग नेहमीच खोटी साक्ष देतो, असे मात्र कोणी समजू नये. तसे म्हणणे आळशी कारागिरास पळवाट काढून देण्यासारखे होईल. तयार सदऱ्याची गुंडी विकत घेतानाच सैल लोंबत असेल, तर ज्या घाईने गुंडी लावली त्याच घाईने काखेतील शिवणही घातली गेली असण्याचा पुष्कळ संभव आहे. हात तोच, घाई तीच. म्हणून गुंडी हे शीत आहे. घरगुती लोणच्याच्या बरणीवरील कागद किंचित वाकडा डकविलेला असला, तर लोणच्यास त्याचा काही अपाय नाही. परंतु झाकणाखालून तेलाचा ओघळ आलेला असेल, तर झाकण घट्ट बसलेले नाही आणि आत हवा शिरत आहे, असे समजावे. दोन्ही डाग एकाच बरणीवरचे; एक काजळी, दुसरे शीत.

येथपर्यंत डागामुळे होणाऱ्या अन्यायाचा विचार झाला. चांगला आंबा कमी भावाने गेला, कुशल विणकराचे लुगडे परत गेले, हे नुकसान खरेच. पण ते पैशाचे नुकसान आहे. याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे, आणि ती सांगण्यासाठीच आम्ही हा विषय घेतला. घेणारा जेव्हा अंतरंगाचे नव्हे, तर केवळ रंगाचे पैसे देऊ लागतो, तेव्हा विकणारा रंगच तयार करू लागतो.

गुळाचे पाहा. कोल्हापूरच्या गुळास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत कढत असताना वर येणारी मळी काढून टाकण्यासाठी भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालण्याची जुनी रीत आहे. अशा गुळाचा रंग उसाच्या जातीवर, जमिनीवर व कढविण्यावर अवलंबून असतो. तो कधी सोनेरी उतरतो, कधी तांबूस, कधी चांगलाच गडद. परंतु गिऱ्हाईक पिवळ्याधमक ढेपेस अधिक भाव देते आणि काळसर ढेपेकडे पाहून नाक मुरडते. मग काही ठिकाणी काहिलीत ‘हायड्रॉस’ नावाची भुकटी पडू लागते. तिने रंग उजळतो. पण गंधकाचा अंश गुळात मागे राहतो, आणि असा गूळ काही दिवस ठेवला की पुन्हा काळवंडतो. म्हणजे गुळात मुळात कोणता दोषच नव्हता; आपण रंगास दोष म्हटले, आणि तो झाकण्यासाठी खरा दोष आत घातला गेला.

हळदीची हकीकत तर अंगावर काटा आणणारी आहे. आपल्या सांगलीची हळद प्रसिद्ध असून तिला २०१८ साली मानांकन मिळाले आहे. हळद शिजवितात, वाळवितात, आणि मग हळकुंडे पिंपात घोळवून त्यांची खडबडीत साल घासून काढतात. त्यायोगे हळकुंड वरून तुकतुकीत होते. येथवर ठीक आहे. पण आम्ही सांगतो ती हकीकत बांगलादेशातील आहे. तेथे १९८० नंतरच्या दशकात मोठा पूर येऊन हळद भिजली आणि वाळल्यावर फिकी, मळकट दिसू लागली. फिकी हळद कोणी घेईना. तेव्हा घोळविण्याच्या वेळी हळकुंडांवर शिशाचे एक पिवळेजर्द रसायन चोळण्याचा प्रघात पडला. लेड क्रोमेट हे त्याचे नाव. ते रंगाच्या कारखान्यात वापरावयाचे. पूर ओसरला, पण प्रघात राहिला. कारण गिऱ्हाइकाच्या डोळ्यास त्या जर्द रंगाची सवय होऊन बसली होती. संशोधकांनी ही साखळी शोधून काढली व २०१९ साली ती प्रसिद्ध केली. त्यानंतर तेथील सरकारने व्यापाऱ्यांस दंड केले, लोकांस सावध केले, आणि बाजारात तपासण्या चालविल्या. २०१९ साली तपासलेल्या हळदीच्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसे सापडले होते. २०२१ साली एकाही नमुन्यात सापडले नाही. मनात आणले तर हे थांबविता येते, हा त्यातील दिलासा आहे.

बंधुभगिनींनो, शिसे हे विष आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा घाव वाढत्या मुलांच्या मेंदूवर पडतो. ज्या मुलास आपण पैसे खर्चून शाळेत घालतो, त्याच मुलाच्या दुधात आपण हळद घालून देतो. ती हळद अधिक पिवळी दिसावी या हट्टापायी जर त्याच्या बुद्धीस क्षती पोचणार असेल, तर वर्गातील शिक्षकाने कितीही कष्ट केले तरी काय उपयोग? आपल्या देशातही खाद्यपदार्थांत असे रंग मिसळणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि २००६ चा अन्नसुरक्षा कायदा त्यासाठीच आहे. परंतु कायदा दुकानाच्या दारापर्यंत येतो. ‘अहो, याहून पिवळी नाही का?’ हा प्रश्न विचारणारी जीभ आपल्या ताब्यात आहे. तो प्रश्न विचारणे आपण आजपासून सोडून द्यावे, अशी आमची विनंती आहे.

हा दृष्टीचा रोग आपल्याकडेच आहे, असे नाही. १९८८ साली युरोपीय समुदायाने काकड्यांसाठी एक नियम केला. वरच्या दोन प्रतींच्या काकडीस दर १० सेंटिमीटर लांबीमागे १० मिलिमीटरहून अधिक बाक असता कामा नये, असा तो नियम होता. सरळ काकड्या खोक्यात नीट बसतात आणि मोजावयास सोप्या जातात, ही व्यापाऱ्याची सोय त्यामागे होती. चवीचा तेथे संबंध नव्हता. परंतु नियमाने वाकड्या काकडीस खालची प्रत ठरविल्यावर लोकांसही ती खालची वाटणे साहजिक होते. पुढे २००९ सालच्या जुलैपासून काकडीसह २६ फळाभाज्यांवरील असे नियम रद्द झाले. फ्रान्समधील एका मोठ्या दुकानसंस्थेने २०१४ साली वाकडीतिकडी फळे व भाज्या वेगळ्या मांडून, त्यांचे वाकडेपण उघड सांगून, कमी किमतीत विकावयास काढल्या, आणि गिऱ्हाइकांनी त्या आनंदाने नेल्या. त्यांनी काही लपविले नाही, हे त्यात महत्त्वाचे.

यावरून आपल्या विक्रेत्या बंधूंस आणि घरी पापड, मसाले, लोणची करून विकणाऱ्या भगिनींस दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली ही, की जो डाग पुसता येतो तो पुसलाच पाहिजे. बरणीवरील कागद सरळ लावण्यास पैसे पडत नाहीत. गिऱ्हाइकास आपले स्वयंपाकघर दिसत नाही; त्यास बरणी दिसते, आणि तो बरणीवरूनच स्वयंपाकघराची कल्पना करणार. दुसरी ही, की जो डाग पुसता येत नाही तो आपण होऊन सांगावा. पेटीच्या वरच्या थरात मोठी फळे आणि तळाशी बारीक, ही चलाखी एकदाच चालते. ‘हे आंबे चिकाने डागळले आहेत, गर उत्तम आहे, भाव इतका कमी’, असे जो बागाईतदार सांगतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक पुढल्या वर्षी विचारपूस न करता येते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असेही दिसून आले, की वस्तूचे खरे गुण आधी सांगून शेवटी तिची एखादी क्षुल्लक उणीव सांगितली, तर काही प्रसंगी घेणाऱ्याचे मत अधिकच अनुकूल होते. मात्र उणीव खरोखरीच क्षुल्लक असली पाहिजे, आणि आधी सांगितलेले गुण खरे असले पाहिजेत. फळमाशीच्या छिद्रास चिकाचा डाग म्हणून सांगणे हे प्रामाणिकपणाचे सोंग होय.

घेणाऱ्यांस एवढेच सांगावयाचे, की तीन प्रश्न मनाशी बाळगावे. हा डाग कशाने पडला? ते कारण आत पोचले असेल काय? आणि आत पाहण्याचा दुसरा काही मार्ग आहे काय? पदर उलटा करता येतो, पातेल्यात डोकावता येते, पेटीतील एक फळ कापून पाहता येते, माहीतगारास विचारता येते. हे करण्यास घटकाभर वेळ लागतो. तो न देता आपण डागाकडे बोट दाखवून मोकळे होतो, कारण ते सोपे असते.

जाता जाता आणखी एक शब्द बोलतो. बाजारात जडलेली सवय उंबऱ्याशी चपला काढताना बाहेर राहत नाही. ती आपल्याबरोबर घरात येते. आपल्या संस्थेत वधूवरांची नोंद ठेविली जाते. मुलगी पाहावयास गेलेली मंडळी चहा संपण्यापूर्वी वर्णाविषयी आणि उंचीविषयी मत देऊन मोकळी होतात. तिचे शिक्षण, स्वभाव व कर्तबगारी यांविषयी विचारणे राहूनच जाते. माणसे ही काही माल नव्हेत, त्यांची प्रत लावावयाची नसते. पण ज्या डोळ्यांनी आपण पेटीतील आंबा बाजूस टाकतो, त्याच डोळ्यांनी आपण त्या मुलीकडे पाहत असतो, हे निदान ओळखावे. संत चोखामेळा यांनी सुमारे सातशे वर्षांपूर्वी उसाचा दृष्टान्त घेऊन वरलिया रंगास भुलणाऱ्यांना जो प्रश्न विचारला, तो आपणा सर्वांस पाठ आहे, म्हणून येथे म्हणून दाखवीत नाही. ज्यांस देवळाच्या आत येऊ दिले गेले नाही, त्यांनी तो विचारला आहे, एवढे लक्षात ठेवावे.

वेळ पुष्कळ झाला, आणि भोजनाची तयारी झाल्याचा सुवास आम्हांसही येऊ लागला आहे. पंगतीत एखादा पदार्थ कमी पडला, तर त्यास गालबोट म्हणू नये, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.